तीनच्या खेळातली किंकाळी

संपादकांचा निरोप आला, थिएटरातल्या गमतीजमती लिहा, दिवाळीचा अंक आहे, वाचणाऱ्याला हसू आलं पाहिजे. मी हो म्हटलं. दोन पानं लिहिलीसुद्धा. मग बोटीच्या पिक्चरचे ते दिवस आठवले आणि ती दोन पानं चुलीत घातली. इतकी वर्षं झाली, पण त्या दिवसांची आठवण निघाली की माझी कानशिलं अजून तापतात. ज्यांना हसायचं असेल त्यांनी खुशाल पान उलटावं.

मी सांगलीच्या एका थिएटरात बायकांच्या दारावर होते. आता थिएटरात कुणीही कुठंही बसतं. सत्तरनंतरच्या त्या सालांत आमच्याकडं तसं नव्हतं. पडद्याच्या डाव्या अंगाला बायकांची बाजू. मधे छातीएवढी भिंत. बायकांचं दार वेगळं आणि त्या दाराला जाड काळा पडदा. त्या पडद्याशी मी. तिकीट फाडायचं, बॅटरी मारून जागा दाखवायची आणि खेळ संपेपर्यंत आत उभं राहायचं. माझे मालक, म्हणजे नवरा, कुपवाडला एका कारखान्यात लेथवर होते. एकाच्या पगारात भागत नव्हतं, म्हणून मी हे काम धरलं. शेजारणी म्हणायच्या, "शालन, तुझी बाई चैन हाय. फुकाट पिक्चर." फुकट पिक्चर कसला? मी पडद्याकडं कमी आणि अंधाराकडं जास्त बघायची. कुणाचं पोर रडतंय, कुणाला घेरी आलीय, भिंतीवरनं कोण मान उंच करून बघतोय, हे बघायला ठेवलेलं माणूस मी.

माणसं एकेक यायची. मिरजेहून एक म्हातारी यायची. पडद्यावर पांढऱ्या मिशांचा सासरा आला की ती डोक्यावरनं पदर ओढून तोंड फिरवायची. तो गेला की हळूच विचारायची, "गेलं का गं?" एक बाई दिवस भरलेली आली आणि मध्यंतरानंतर तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. मी म्हटलं, टांगा आणते. ती माझा हात धरून दातओठ खात म्हणाली, "खलनायक मरू दे, मग जाऊ." खलनायक मेला, टांगा आला, आणि दवाखान्याच्या दारातच पोरगी झाली. अशा बायकांचा मला राग कधी आला नाही. त्या मनापासून पिक्चर बघत. मनापासून बघणाऱ्याला हसू नये, एवढं या कामानं मला शिकवलं.

बोटीचा पिक्चर आला तो दुष्काळ सरल्यानंतरच्या एका वर्षी, दिवाळी उलटल्यावर. नाव सांगत नाही. सांगलीत कुणी ते नाव घेतलंही नाही, सगळे 'बोटीचं पिक्चर'च म्हणत. गोष्ट अशी, की समुद्रात एक बोट फुटते आणि सात-आठ माणसं लाकडाच्या फळ्यांना धरून तरंगत राहतात. खायला नाही, प्यायला नाही. आणि पाण्याखालनं एक हात येतो आणि एकेकाला ओढून नेतो. कुणाचा हात, का नेतो, हे शेवटपर्यंत कळत नाही. मला वाटतं, ते काढणाऱ्यालाही कळलं नसावं. पैसा नव्हता त्यांच्याकडं. सगळा समुद्र एका हौदात होता. एकदा तर हौदाची कड दिसायची आणि कडेवर कुणाची तरी चप्पल.

आमचं पब्लिक गरीब होतं, पण खुळं नव्हतं. पहिल्याच दिवशी सहाच्या खेळाला हात वर आला आणि पिटातनं, म्हणजे पुरुषांच्या पुढच्या स्वस्त जागांतनं, कुणीतरी ओरडलं, "आरं, हात न्हवं, सायकलची ट्यूब हाय ती!" झालं, सगळं थिएटर हसलं. मग लाट आली. "मघाचीच लाट परत आली रं!" खरंच तीच लाट होती, मीही ओळखली. तिसऱ्यांदा आली तेव्हा लोकांनी तिला टाळ्या वाजवल्या. "आमच्या कृष्णंला ह्येच्यापरीस जादा पानी येतंय!" बाहेर पडताना दोघांनी खुर्च्यांना लाथा घातल्या आणि मॅनेजरला शिव्या दिल्या. सोमवारपर्यंत थिएटर ओस पडलं.

थिएटरच्या मालकांना सगळे भाऊसाहेब म्हणत. पांढरं धोतर, पांढरा सदरा, कपाळाला अष्टगंध. वाईट माणूस आरडाओरडा करणारा असतो, असं आपल्याला उगीच वाटतं. भाऊसाहेबांनी माझ्यासमोर कधी आवाज चढवला नाही. गोड बोलत. सोमवारी ते ओस पडलेल्या खुर्च्यांकडं बघत दारात उभे होते आणि म्हणाले, "शालन, पिक्चर वाईट नाही गं. लोकांना भ्यायला शिकवायला पाहिजे."

मंगळवारी तीनच्या खेळाला बायकांच्या बाजूला बोटावर मोजण्याइतक्या बायका होत्या. त्यात एक नवी. काळीसावळी, उंच, कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, आणि अंगाला हळदीचा वास. सांगलीत हळदीच्या वखारी पुष्कळ. तिथं हळकुंडं निवडणाऱ्या बायकांचे हात आणि लुगड्याचे काठ कायमचे पिवळे झालेले असतात. ती एकटी आली, अगदी पुढं जाऊन बसली.

पिक्चरात मध्यंतरानंतर एक प्रसंग होता. एका फळीला दोन माणसं धरून असतात आणि फळी दोघांना पेलत नाही. एकजण दुसऱ्याकडं बघतो आणि हात सोडतो. तिथं बाजा वाजत नाही. पैसे संपले असतील. नुसतं पाण्याचं डबडब. त्या शांततेत ती बाई उभी राहिली आणि जिवाच्या आकांतानं किंचाळली.

"सोडू नगासा! आवं, धरा! धरा की!"

थिएटर गारठलं. पिटात दाणे खाणारा माणूस दाणे सांडून दाराकडं पळाला. माझ्या अंगावर काटा आला, पण भीतीनं नाही. पडद्यावरच्या नटाला कुणी आवं म्हणत नाही. त्याला 'ए मेल्या' म्हणतात, 'बाबा रं' म्हणतात. आवं म्हणतात ते एकाच माणसाला. ही बाई कुणाला हाक मारत होती, ते मी त्याच क्षणी ओळखलं. मी बॅटरी घेऊन जाईपर्यंत ती पदर तोंडात कोंबून खाली बसली होती. बेशुद्ध पडली नव्हती. हे नीट लक्षात ठेवा. ती बेशुद्ध पडली नव्हती.

संध्याकाळपर्यंत गणपती पेठेत बातमी, की थिएटरात एक बाई भिऊन बेशुद्ध पडली. रात्रीपर्यंत ती मेलीसुद्धा. बुधवारी सकाळी भाऊसाहेबांनी जाहिरातीचा टांगा बाहेर काढला. कर्ण्यातनं आवाज साऱ्या गावात फिरला. "पाहा! पाहा! सांगलीच्या स्त्रिया किंचाळून बेशुद्ध पडल्या! कमजोर काळजाच्यांनी येऊ नये! गरोदर स्त्रियांनी मुळीच येऊ नये! प्रत्यक्ष घडलेली सत्यकथा!" फाटकावर तसाच फलक रंगवून लावला. 'सत्यकथा' लाल रंगात, खाली लाल थेंब ओघळलेले.

ज्या पिक्चरला लोक हसले, त्याच पिक्चरला बुधवारी तीनला रांग लागली. आणि रांगेत ती पण होती.

मध्यंतरात मी तिला बाहेर पायरीवर आणून बसवलं, पाणी दिलं. नाव विचारलं.

"इठा," ती म्हणाली. "म्हसवडकडची मी. आता हितं वखारीत हाय कामाला. आज खाडा केला."

"तुमचं माणूस बोटीवर होतं का?"

तिनं चटकन माझ्याकडं बघितलं. "होतं न्हवं, आक्का. हाय."

मग तिनं सांगितलं. धनगराचं घर. दुष्काळात मेंढरं गेली, उरली ती मिळेल त्या भावानं विकली. नवऱ्याच्या चुलतभावानं त्याला मुंबईला नेलं, गोदीत. तिथनं कुणी बोटीवर लावलं, मालाच्या बोटीवर. ज्या माणसानं आयुष्यात माणगंगा भरलेली बघितली नव्हती, तो समुद्रात गेला. पावसाळ्यात बोट गेली ती गेली. कंपनीचा माणूस येऊन सांगून गेला, की बोट सापडली नाही, माणसंही सापडली नाहीत.

"समदी म्हंत्यात, कुंकू पूस," ती म्हणाली. "गावली न्हाईत म्हंजी मेली, असं कुठाय, आक्का? मेंढरू हरावलं म्हंजी काय मेलं व्हय? कवातरी दुसऱ्याच्या कळपात गावतंय की."



"आनि ह्या पिक्चरात बगा की, शेवटाला एकजन वाचतोय."

वाचतो खरा. शेवटी एका माणसाला दूरच्या किनाऱ्यावरचे कोळी पाण्यातनं काढतात. त्याला स्वतःचं नाव आठवत नाही, गाव आठवत नाही. तो नुसता समुद्राकडं बघत बसतो, आणि पिक्चर संपतो. त्या प्रसंगाला आमचं पब्लिक उठून चपला शोधत असायचं.

"त्येला सोताचं नाव सुदिक आठवंना," इठा म्हणाली. "मग त्यो घरला कसा यील? तुमीच सांगा."

ती त्या शेवटासाठी येत होती. हात बघायला नाही, भ्यायला नाही. मधला तो फळीचा प्रसंग तिच्याच्यानं बघवत नव्हता, म्हणून किंकाळी फुटत होती. त्या दिवशीही फुटली. आणि त्या दिवशी पुरुषांच्या बाजूनं एक आवाज आला, जो मी आधी कधी ऐकला नव्हता. लोक खूश झाले होते. आपण ज्यासाठी आलो ते मिळालं, असा तो आवाज होता.

गुरुवारी भाऊसाहेब स्वतः बायकांच्या दाराशी आले. इठाला तिकीट काढू दिलं नाही. "तुला तिकीट नाही हो. तू आमची पाहुणी." तिनं संधी साधून हात जोडले. "मालक, ह्यी खरी घडल्याली गोष्ट हाय म्हनं. तुमी पिक्चरवाल्यास्नी वळखत असशीला. तेवडं इचारा की, त्यो मानूस कुठल्या गावात घावला? कंच्या किनाऱ्याला?"

मला वाटलं, आता तरी हा माणूस खाली बघेल. भाऊसाहेब क्षणभरही थांबले नाहीत.

"विचारतो ना. माझ्या ओळखीचेच आहेत. मुंबईला कळवतो. पण उत्तर कधी येईल सांगता येत नाही, तेव्हा तू रोज ये. तीनच्या खेळाला. चुकवू नकोस."

तिनं त्यांच्या पायाला हात लावला. त्या पांढऱ्या धोतराला पिवळी बोटं उमटली. मला ती अजून दिसतात.

ती आत गेल्यावर मी म्हटलं, "भाऊसाहेब, तिला खोटं कशाला सांगितलंत?"

"खोटं काय त्यात? तिला बरं वाटलं. एखाद्याची आशा मोडायची म्हणजे पाप असतं, शालन."

"आशा मोडू नये म्हणता, आणि तिची किंकाळी टांग्यातनं विकता?"

ते हसले. खरंच हसले. "तुझं काम दाराचं. दार सांभाळ."

पिक्चर शुक्रवारी उतरणार होता, तो त्यांनी पुढं चालू ठेवला. मी दोन दिवस स्वतःशीच धुमसत होते. शनिवारी मध्यंतरात मी इठाला पायरीवर गाठून सगळं सांगितलं. म्हटलं, ही गोष्ट कुणीतरी बसून रचलेली आहे. तो समुद्र म्हणजे हौद आहे, ती लाट एकच आहे, तो माणूस पगार घेऊन पाण्यात उतरलेला नट आहे. मालक कुणाला कळवणार नाहीत. तुम्ही ओरडता म्हणून तुम्हाला बोलावतात.

तिनं विचारलं, "तुमी समुंदर बगितलाय, आक्का?"

"नाही."

"मी बी न्हाई बगितला." तिचा आवाज चढला. "मग तुमाला कसं म्हाईत, खरा कंचा आनि खोटा कंचा? तुमचं मालक रोज सांजच्याला घरला येत्यात. तुमाला काय कळायचं?"

उठली आणि आत गेली. मला राग आला, पण तिचा आला नाही. ज्यानं तिला रोज यायला सांगितलं होतं, त्याचाच आला. तो माणूस आत ऑफिसात बसून चहा पीत होता.

रविवारी तीनला पाय ठेवायला जागा नव्हती. तासगाव, विटा, पार कराडजवळच्या मलकापुरातनं लोक आले होते. मला तेव्हा कळलं नाही ते काही वेळानं कळलं, की यातलं निम्मं पब्लिक पडद्याकडं बघतच नाहीये. मध्यंतरानंतर पुरुष खुर्च्यांवर गुडघे टेकून मागं-बाजूला वळून बसले. भिंतीवरनं तोंडंच तोंडं. सगळी आमच्या अंधारात बघत होती.

फळीचा प्रसंग आला. बाजा थांबला. पाण्याचं डबडब. त्या माणसानं हात सोडला.

इठा गप्प.

मी तिच्या शेजारी उभी होते. तिनं दोन्ही मुठी मांडीत दाबल्या होत्या आणि डोळे मिटले होते. आता तिला माहीत झालं होतं, की हात सोडणारा तिचा नव्हे. तिचा तो शेवटचा. ती आता शेवटाची वाट बघत होती.

पिटातनं आवाज आला, "कुठाय ती बाई?"

"वरड की गं!"

"पैसं दिल्यात आमी! वरड!"

मग पायांचा ताल सुरू झाला. "वर-ड! वर-ड!" शिट्ट्या. कुणीतरी काडी पेटवून भिंतीवर धरली, तिचं तोंड बघायला. आमच्या बाजूच्या बायका उठून उभ्या राहिल्या. दोघी-तिघी इठाच्या पुढं जाऊन पदर पसरून उभ्या राहिल्या, न सांगता. मी त्या बायकांना ओळखतही नव्हते.

काळा पडदा हलला आणि भाऊसाहेब आत आले. माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "ती का गप्प आहे? हलव तिला जरा. नाहीतर तू ओरड. अंधारात कोण बघतंय?"

त्या क्षणी माझ्यात काय झालं, मला सांगता येत नाही. मी खुर्चीवर चढले, भिंतीवर एक हात ठेवला, आणि दुसऱ्या हातातल्या बॅटरीचा उजेड त्या पुरुषांच्या तोंडांवर मारला. एकेका तोंडावर. शिकलेली, अडाणी, टोपीवाली, चष्म्यातली, माझ्या गल्लीतलीसुद्धा.

"मुडद्यांनो!" मी ओरडले. "तुमच्या आयाबहिणींस्नी न्हेऊन बसवा की वरडाय! ती भिऊन वरडली न्हाई रं! तिचं मानूस बोटीवर हाय! बोट सापडंना झालीया! ती त्येला हाक मारतीया, आनि तुमी तिकीट काढून ऐकाय येताय? थू तुमच्या जिनगानीवर!"

आणखीही बरंच बोलले. ते छापण्यासारखं नाही. माझा गळा फाटला. एरवी मी अंधारात कुजबुजणारी बाई.

आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

होय. आधी एकानं, मग सगळ्यांनी. शिट्ट्या, टोप्या हवेत. त्यांना वाटलं, हाही खेळातलाच भाग. भाऊसाहेबांनी नवी युक्ती काढली. "वा! परत! परत!" आयुष्यात मी एकदाच एवढ्या खऱ्या रागानं ओरडले, आणि लोकांनी मला नाटकातल्या नटीसारखी दाद दिली. माणसाला शिवी दिली तर तो अंगावर येतो. या लोकांना शिवीसुद्धा लागत नव्हती. यापेक्षा त्यांनी मला दगड मारले असते तरी चाललं असतं.

गोंधळ एवढा वाढला, की वरच्या केबिनमधल्या ऑपरेटरनं भिऊन मशीन बंद केलं आणि दिवे लावले. खेळ तिथंच संपला. लोक हसत-खिदळत बाहेर गेले. इठा बसून राहिली. तिनं रिकाम्या पांढऱ्या पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आक्का, शेवट दावला न्हाई," ती म्हणाली. "तुमच्यामुळं शेवट बुडाला."

सोमवारी भाऊसाहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. मला वाटलं, काढून टाकतील. त्यांनी समोरची खुर्ची दिली. कधी दिली नव्हती.

"कालचं फार छान झालं," ते म्हणाले. "आता असं कर, तीनच्या खेळाला रोज असंच. ती ओरडली तर ती, नाही तर तू. शिव्या थोड्या कमी. जादा देईन त्याचे."

 ते मनापासून बोलत होते. त्यांना मी खरंच रागावले होते हे कळलंच नव्हतं. मी बॅटरी टेबलावर ठेवली. म्हटलं, "भाऊसाहेब, तुमच्या घरात कुणी गेलं ना, की मला बोलवा. मी तिकीट काढून येईन." आणि बाहेर पडले. त्यांचा चेहरा तेव्हा कुठं पडला.

फाटकाशी एक म्हातारा उभा होता. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, पायांत करकरणाऱ्या वहाणा. तो फलकावरची अक्षरं बघत होता, वाचता येत नसावीत. मला म्हणाला, "बाई, हितं आमची सून येतीया म्हनं. वरडाय."

कर्ण्याची बातमी म्हसवडच्या बाजारापर्यंत गेली होती. इठाचा सासरा होता तो. मला भीती वाटली, आता हा तिला फरफटत नेईल, दोन थोबाडीत देईल. मी म्हटलं, मामा, तिचा काही दोष नाही. आणि सगळं सांगितलं, उभ्या उभ्या. त्यानं मान हलवली.

"त्ये पिक्चर मला दाव," तो म्हणाला.

मी दोन तिकिटं काढली, एक त्याचं, एक माझं. पहिल्यांदाच त्या थिएटरात मी पैसे देऊन बसले. तीनच्या खेळाला इठा आली आणि मी तिच्याशेजारी बसले. सासरा आलाय, हे तिला सांगितलं. तिनं डोक्यावर पदर घेतला, बाकी काही नाही. त्या दिवशीही लोक होते, त्या दिवशीही "वरड" म्हणून हाका झाल्या. इठा ओरडली नाही, मी ओरडले नाही. पब्लिकच कंटाळून गप्प झालं. शेवट आला. तो माणूस किनाऱ्यावर बसला, समुद्राकडं बघत. इठा पुढं झुकून बघत होती. 

बाहेर म्हातारा लिंबाच्या झाडाखाली उभा होता. इठा त्याच्यापासून जरा लांब, पदर सावरून थांबली.

"मामा, त्यो शेवटचा बगितलासा न्हवं?"

"बगितला."

"मग?"

म्हातारा बराच वेळ काठीनं माती उकरत राहिला. ज्याचा मुलगा गेला होता, तो माणूस. पिक्चर, हौद, नट, यातलं तो काही बोलला नाही.

"आपला सिदा एवडा गोरा कुठाय, पोरी?"

इठा रडली नाही. तिनं विचार केला. खरंच केला, मी तिच्या तोंडावर बघितला. आणि मग हळूच म्हणाली, "न्हाई. एवडं गोरं न्हाईत."

"वाट बगायची तर घरी बगू," म्हातारा म्हणाला. "कुंकू र्‍हाऊ दे, कुनी काय बोलंल त्येला मी हाय. पन हितं नगं. हितं लोकं हासत्यात."

तिचं बोचकं वखारीत होतं. आम्ही तिघं ते घेऊन स्टँडवर गेलो. गाडीत बसताना तिनं माझ्याकडं बघितलंही नाही.

पिक्चर आमच्याकडनं कराडला गेला, तिथनं साताऱ्याला. 'सांगलीच्या स्त्रिया' त्याच्याबरोबर फलकावर गेल्या. साताऱ्यात म्हणे ओरडायला एक बाई रोजानं लावली होती. खरंखोटं मला माहीत नाही, पण आश्चर्य वाटलं नाही. मी गावातल्या दुसऱ्या थिएटरात लागले आणि ते बंद पडेपर्यंत तिथंच बायकांच्या दारावर राहिले. भाऊसाहेबांची भरभराट झाली. त्यांचा सत्कार झाला तेव्हा एका वक्त्यानं सांगितलं, की प्रेक्षकांची नाडी ओळखणारा असा माणूस होणे नाही. त्या वाक्यालाही टाळ्या पडल्या. मी मागं उभी होते. नाडी धरायला हात लागतो, आणि ह्यांचा हात कायम दुसऱ्याच्या गळ्यावर, असं ओरडावंसं वाटलं. पण टाळ्या पडायची भीती वाटली. ती भीती त्या रविवारच्या टाळ्यांनी मला दिली.

पुढं काही वर्षांनी आम्ही म्हसवडला नाथाच्या रथाच्या जत्रेला गेलो होतो. गुलालानं सगळी माणसं एकसारखी दिसत होती. गर्दीतनं कुणीतरी माझा दंड धरला. इठा होती. कपाळाला कुंकू तसंच ठसठशीत. हातातला पिवळा रंग गेला होता. सासरा वारला होता. तिची स्वतःची पाच-पंचवीस मेंढरं झाली होती. तिनं मला ओढत नेऊन झाडाखाली बसवलं, फडक्यातली भाकरी सोडली. नवऱ्याचं ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

खाता खाता एकदम म्हणाली, "आक्का, त्यो मालक हाय का जित्ता?"

"आहे."

"आजारी-बिजारी?"

"छे. चांगला धडधाकट आहे. नवीन बंगला बांधलाय."

इठाचा घास हातातच राहिला. तिनं देवळाच्या शिखराकडं मान वळवली आणि भर जत्रेत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मग मी दरसाल नारळ कशापायी फोडतीया रं, नाथा?"